वहिनीचा मे महिना

ताई, नमस्कार. वय ४१, मुक्काम पुणे, माहेर सोलापूरचं. तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या, तेव्हा मला ‘तू’च म्हणा. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या उन्हाळ्यात सोलापूरला जायला पायच उचलला नाही. यंदा मात्र मुलांना घेऊन पाच आठवडे राहिले. ताई, असा उन्हाळा मला लहानपणानंतर मिळालाच नव्हता. चुलत-आते मिळून घरात सात पोरं. रात्री सगळे गच्चीवर. दादानं आणलेले आंबे, सकाळी कुरडयांचा गरम चीक, संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी फेरी, एकदा अक्कलकोट. पार्क चौपाटीवर किती वेळा गेलो ते मोजलंच नाही. शाळेतल्या मैत्रिणी वीस वर्षांनी भेटल्या. एकीनं स्वतः गाडी चालवत आम्हाला नळदुर्गला नेलं. दुसरीच्या घरी यंत्रमाग आहेत, तिथून माझा मुलगा दोन तास हलला नाही. वहिनी यंदा उन्हामुळे बार्शीला माहेरी गेली नाही, त्यामुळे तीही होतीच.

निघताना वहिनीनं ओटी भरली. मी तिच्या हातात पाच हजारांचं पाकीट ठेवलं, म्हटलं, ‘खर्च झाला असेल गं तुझा.’ ती काही बोलली नाही. पुण्यात आल्यावर तेच पाकीट मुलाच्या सॅकमध्ये निघालं. वर वहिनीच्या अक्षरात लिहिलेलं, ‘दोघांना खाऊ.’ मग मी घरच्या ग्रुपवर सगळ्यांचे आभार मानणारं मोठं लिहिलं. सगळ्यांनी बदाम पाठवले, वहिनीनं नुसते जोडलेले हात. दादाला फोन केला तर म्हणतो, ‘आपल्यात कसले गं आभार?’ ताई, माझं काय चुकलं? वहिनीचे, मैत्रिणींचे आभार मानायचे तरी कसे? की ते घर आता मला परकं व्हायला लागलंय?

— एक माहेरवाशीण

*

बाई गं, तुझं मूळ पत्र चार पानांचं आहे, वर जागेपुरतं छापलंय. मी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल घेऊन एक उद्योग केला. आंब्यांवर किती ओळी आहेत ते मोजलं. अकरा. नळदुर्गवर पाऊण पान. गच्चीवरच्या रात्रींवर पान भरून. आणि ओटीच्या प्रसंगाआधी वहिनीवर एक वाक्य. ‘त्यामुळे तीही होतीच.’

रागावू नकोस. मनापासून लिहिलंयस म्हणून तर ते वाक्य तसं उतरलं. विचार करून लिहिलं असतंस तर नीट झाकलं असतंस.

आपण म्हणतो, उन्हाळा छान गेला. सोलापूरचा उन्हाळा आपणहून छान जात नसतो. मे महिन्यात पारा ४२-४३ला जाऊन टेकतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अशा गावात सात पोरं पाच आठवडे आनंदात राहिली, तर कुणीतरी तो उन्हाळा तसा करत होतं.

तुझी गच्चीच घेऊ. आपल्याकडची हवा कोरडी. सूर्य कलला की उघड्यावर वारा लागतो, म्हणून तर गच्चीची मजा. पण स्लॅब दिवसभर ऊन पिऊन बसलेला असतो. सहा वाजता पहिली बादली ओतली की चर्र आवाज होऊन वाफ येते, पाच मिनिटांत फरशी पुन्हा ठणठणीत कोरडी. अर्ध्या तासानं दुसरी. कधी तिसरी. तेव्हा कुठे नऊच्या सुमाराला गाद्या टाकता येतात. तू लिहिलंयस, ‘गच्ची कशी गारगार असायची!’ त्या बादल्या जिन्यानं वर कोण नेत होतं?

आणि त्यातलं पाणी कुठलं होतं? आपल्या नळाला रोज पाणी येत नाही, हे पुण्यात राहून विसरली नसशील. उजनी धरण शंभरेक किलोमीटरवर, तिथून वाहिनीनं येतं, शिवाय टाकळीहून भीमेचं आणि हिप्परग्याच्या तलावाचं. तरी चार-पाच दिवसांआड. तेही कधी पहाटे तीनला, कधी भर दुपारी बाराला. अशा गावात पिण्याचं पाणी गच्चीवर ओतणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. म्हणजे ते कपडे खळबळल्याचं, तांदूळ-भाज्या धुतल्याचं पाणी असणार. कुणीतरी ते दिवसभर मोरीशेजारच्या टपात साठवत होतं. तुझ्या घरी मी आलेले नाही, पण सोलापुरातल्या मोऱ्या मला ठाऊक आहेत.

आता चिकाचं सांगते. इथे मला थोडं स्वतःचं सांगावं लागेल.

माझं लग्न झालं तेव्हा आमचा वाडा बाळीवेशीत होता. गिरणीच्या भोंग्यावर घड्याळ लावायचे दिवस ते. मला नणंदा चार. मे लागला की चौघी आणि त्यांची मिळून नऊ पोरं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटून-गाळून चीक काढायचा, रात्रभर निवळू द्यायचा. आणि पहाटे चारला उठून शिजवायला घ्यायचा, कारण ऊन चढायच्या आत कुरडया गच्चीवर पडायला हव्यात. चीक शिजताना हात थांबवता येत नाही, थांबला की गाठी. दाट होत आला की बुडबुडे फुटतात आणि उडतात. एकदा त्यातला एक माझ्या मनगटावर आला. पाणी असतं तर ओघळून गेलं असतं. चीक जिथे पडतो तिथे बसतो. हात झटकला असता तर पातेलं कलंडलं असतं, म्हणून तसाच ठेवला. मागे पोरं ताटल्या घेऊन ओळीनं बसलेली, ‘मामी, चीक, मामी, चीक’ करत. मी पदरानं मनगट पुसलं आणि वाढायला घेतलं. कुणी पाहिलं नाही असं मला वाटलं.

पंधरा दिवसांनी सगळ्या निघाल्या. चौघींपैकी तिघी म्हणाल्या, ‘वहिनी, फार छान राहिलो.’ उरलेली एक, जी एरवी सगळ्यांत कमी बोलायची, तिनं टांग्यात बसता बसता माझा हात धरला, मनगट उलटं केलं आणि म्हणाली, ‘डाग राहणार बघा हा.’ आणि बसली टांग्यात.

एवढंच. त्या बाईंनी पुढं मला कधी साडी दिली की नाही, मला आठवत नाही. डाग आता सुरकुत्यांत शोधावा लागतो. पण त्या आजारी पडल्या तेव्हा एक महिना मी त्यांच्या घरी जाऊन राहिले, ते कुणाच्या सांगण्यावरून नाही.

आता माझाही पदर झटकते. नणंद म्हणून मी काय दिवे लावले? माझी भावजय कुर्डुवाडीची. चाळीस वर्षं तिच्या हातचा चहा प्यायले. तिला चहा गोड लागतो की अगोड, मला पत्ता नव्हता. तिला साखर निघाल्यावर कळलं. तेव्हा तुला सांगण्याचा माझा अधिकार हा एवढाच, बेताचा.

पाकिटाकडे येऊ, कारण ते तुला सगळ्यात जास्त टोचलंय.

पैसे दिलेस यात काही गैर नाही. उलट, नणंद आली की भावजयीनं राबायचं, भावानं खिसा सैल सोडायचा आणि नणंदेनं साडी-चोळी घेऊन जायचं, हे जुनं गणित आजच्या पगारांत बसत नाही. पाच आठवड्यांत दोन सिलिंडर जास्तीचे गेले असतील, एखादा टँकर मागवला असेल, किराणा दुप्पट. ते तुझ्या लक्षात आलं, हे चांगलंच. चुकली ती वेळ आणि चुकला तो शब्द. वहिनीनं तुझ्या पदरात तांदूळ घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, कुंकू लावलं. ओटीची पोच द्यायची नसते. तू तिथल्या तिथे पोच दिलीस, तीही ‘खर्च’ म्हणून. क्षणभर तिला काय वाटलं असेल? पाच आठवडे आपण घर चालवत होतो की लॉज?

तरीही वहिनीनं काय केलं बघ. तुझ्या तोंडावर परत केलं नाही, दादाला सांगितलं नाही, गप्पही बसली नाही. रिक्षा दारात थांबलेली, सामान चढतंय, पोरं ओरडतायत, त्या गडबडीत तिनं पेन शोधलं, दोन शब्द लिहिले आणि पाकीट सॅकमध्ये सरकवलं. ‘दोघांना खाऊ.’ आपल्या नात्यांत खाऊ म्हणून दिलेल्या पैशाचा हिशेब कुणी ठेवत नाही. तुझ्या बिलाचा तिनं खाऊ करून टाकला. मला तर बाई तिच्या हुशारीचं कौतुक वाटलं. यात राग असेलच तर चिमूटभर, आणि तो तिचा हक्काचा आहे.

ते पाच हजार आता परत पाठवू नकोस, तिच्या खात्यावर तर मुळीच नाही. पोरांना खाऊ घाल आणि मामीनं दिला म्हणून सांग. पुढच्या वेळी पैसे शेवटी द्यायचेच नाहीत, मध्येच खर्च करून टाकायचे. पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गॅसचा नंबर तू लाव. टँकर दारात आला की वहिनी पर्स शोधेपर्यंत तू देऊन मोकळी हो. किराणाची यादी तिच्याकडून घे आणि पिशव्या तू उचलून आण. अशा पैशाला पाकीट लागत नाही.

जोडलेल्या हातांचं फार मनावर घेऊ नकोस. रात्री अकराला ओटा आवरून, दरवाजे लावून तिनं फोन उघडला असेल. समोर तुझी भलीमोठी पोस्ट. त्यात ‘दादा-वहिनी, आई, काका-काकू, सगळी चिल्लीपिल्ली, सगळ्यांचे मनापासून आभार.’ सगळ्यांचे म्हणजे कुणाचेच नाहीत गं. चिल्लीपिल्लीच्या रांगेत तिचंही नाव. तिनं हात जोडले, यापेक्षा वेगळं मी तरी काय केलं असतं?

आणि तुझा दादा. ‘आपल्यात कसले आभार?’ हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, आणि ते नेहमी ताटावर बसलेलं माणूस म्हणतं. वाढणारीच्या तोंडून फारसं ऐकलेलं नाही. वाक्य खोटं नाही. घरच्या माणसाला ‘थँक्यू’ म्हटलं की जिभेला परकं लागतं, मलाही लागतं. नातसून पाणी दिल्यावर थँक्यू म्हणते तर मी दचकते. पण या आपलेपणाच्या आडून किती कामं कुणी न बघताच संपतात! आभार मानायचे नसतात, म्हणून बघायचंही नसतं, असं आपण करून ठेवलंय. ‘आभारी आहे’ म्हणू नकोस हवं तर. डाग बघ.

तुझ्या दादाला हे वाचून दाखव. आंबे त्यानं आणले हे मान्य. रस कुणी काढला, सात पोरांच्या सात तऱ्हा कुणी सांभाळल्या, साली-कोयी कुणी उचलल्या आणि त्यावरच्या माश्या कुणी हाकलल्या, याचंही एकदा बोलू म्हणावं.

मैत्रिणींचं सोपं आहे. तिथे ओटी नाही, पाकीट नाही, मान-अपमान नाही.

नळदुर्गवाली. मे महिन्यात गेलात, पाणीमहाल पाहिलात, आणि नर-मादी धबधब्यांच्या जागी पोरांना कोरडा दगड दिसला, मुलगी रुसली, असं लिहिलंयस. ते धबधबे पाहायचे तर बोरी नदीला पाणी यावं लागतं. मैत्रीण म्हणाली, ‘पावसाळ्यात या.’ असली निमंत्रणं आपण हसून सोडून देतो. तू सोडू नकोस. चांगला पाऊस झाला की तिला फोन कर, म्हणावं, आलं का पाणी? आणि ये. पन्नासेक किलोमीटरचा तर रस्ता. या वेळी पेट्रोल तुझं, डबा तुझा. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि घट्ट दही घे, बुरुजावर बसून खा. वीस वर्षांनी भेटलेल्या मैत्रिणीला दोन महिन्यांत पुन्हा फोन आला, तर ती काय समजायचं ते समजेल.

मागवालीकडे मात्र तू काही करू नकोस, मुलाला करू दे. जेकार्डच्या भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून फिरते आणि त्या भोकांबरहुकूम चादरीवर मोर उमटतो, हे पाहून तो खुळावलाय, वहीत पुठ्ठे काढत बसलाय. तिचे सासरे त्याला अर्ध्या मराठीत, अर्ध्या तेलुगूत समजावत होते आणि त्याला सगळं समजलं, असंही तूच लिहिलंयस. तर त्यानं आजोबांना स्वतःच्या अक्षरात एक पत्र लिहावं. आभाराचं नको. पोरांच्या आभाराच्या पत्रात आईचीच भाषा दिसते. प्रश्न विचारू दे. एखादं भोक चुकलं तर मोराचं काय होतं? पुठ्ठा फाटला तर माग थांबवतात का? आपल्याकडे माग चालवणाऱ्या माणसाला चादरीचा भाव विचारणारे रोज भेटतात. भोकांबद्दल विचारणारा नातवाच्या वयाचा पोरगा भेटला तर ते पत्र मागावर चिकटवून ठेवतील. चित्रही पाठव सोबत.

आता ‘परकं’ या शब्दाकडे. चार पानांत तो एकदाच आलाय, शेवटच्या ओळीत. मला वाटतं, पत्र तू त्या एका शब्दासाठीच लिहिलंस.

बाबा गेले की मुलीला एक भीती धरते. ती आईजवळही बोलता येत नाही. दार तेच असतं, पण उघडणारा हात बदललेला असतो. आई आहे तोवर ठीक, पुढे काय? तू पाच आठवडे हे विसरलीस, कारण कुणीतरी तुला ते विसरायला लावलं. आणि निघताना ती भीती आठवली, म्हणून घाईघाईनं पाकीट. म्हणजे देणं फिटेल, पुढच्या वर्षी पुन्हा यायला तोंड राहील. चुकतेय का मी? चुकत असेन तर सोडून दे. पण नसेन, तर एक ऐक. देणं फिटलं की जाण्याचं कारणही संपतं. वहिनीनं पाकीट परत करून तुझं येणं राखून ठेवलंय.

मग करायचं काय? तुझ्या पत्रातच आहे ते, तू न बघता लिहिलंयस. ‘वहिनी यंदा उन्हामुळे बार्शीला माहेरी गेली नाही.’

उन्हामुळे! बार्शी सोलापूरपासून सत्तर किलोमीटर. तिथे काय मे महिन्यात थंडी पडते? ऊन इथेही तेच, तिथेही तेच. ती गेली नाही, कारण तू येणार होतीस. बाबांनंतर नणंद पहिल्यांदा येतेय, घर भरलेलं दिसलं पाहिजे, सासूबाईंना बरं वाटलं पाहिजे. तिचा स्वतःचा मे महिना तिनं तुला देऊन टाकला आणि नाव उन्हाचं सांगितलं. तुझे सगळे आंबे, सगळ्या रात्री, नळदुर्ग, अक्कलकोट, त्या एका न घडलेल्या बार्शीवर उभे होते.

तेव्हा तिला ती बार्शी परत दे. लांब कशाला जायचं, श्रावणात पंचमी आहे. आपल्या भागात पंचमी म्हणजे माहेराचाच सण. तूही म्हणशील, मग मलाच माहेरी जायला हवं. जा ना. पण या वेळी ओटी भरून घ्यायला नको, घर सांभाळायला जा. चार दिवस आधी जा, आठ दिवस रजा टाक. वहिनीला बार्शीला पाठव आणि आईपाशी तू राहा. पंचमीला चिरायचं नसतं, तवा चढवायचा नसतो, दिंडं उकडली की झालं, म्हणजे तुझं निम्मं काम सणानंच कमी केलेलं आहे. आदल्या दिवशी तू भावाचा उपास धरत असशीलच. भावासाठी उपास आहे, भावजयीसाठी पंचांगात एकही नाही, हे मला फार वर्षांनी सुचलं.

फोन दादाला करू नकोस, ग्रुपवर लिहू नकोस. थेट तिला कर, दुपारी तीनच्या सुमाराला, तेव्हा तिला जरा टेकायला मिळत असेल. ‘कधीतरी जाऊन ये गं माहेरी’ असं मोघम बोलू नकोस. तसं बोलणारे पुष्कळ असतात. तारीख सांग. रजा टाकली, तिकीट काढलं, एवढं सांग. ती म्हणेलच, ‘नको, आईंच्या गोळ्या, आईंचं पथ्य, तुम्हाला नाही जमायचं.’ तेव्हा वाद घालू नकोस. म्हणावं, लिहून दे. कुठली गोळी कधी, दूधवाला किती वाजता, मोटरचं बटण कुठलं. बायकोला चार दिवस माहेरी धाडायचं म्हटलं की नवरे एकदम कामात असतात, तेव्हा दादालाही त्या यादीत एखादी ओळ असू दे.

एक शक्यता मात्र ध्यानात ठेव. कदाचित तिला बार्शीला जायचंच नसेल. तिथेही एक भावजय असणार, आणि आपली वहिनी तिथे जाऊन लोळणाऱ्यातली वाटत नाही. पोचल्या पोचल्या पदर खोचेल. कदाचित तिला वाटत असेल, घरातली सगळी माणसं चार दिवस कुठेतरी जावीत आणि आपण एकटीनं दुपारी पंखा लावून पडावं. मग तसं कर. आईला आणि दादाच्या पोरांना घेऊन तू पुण्याला ये. हुतात्मा एक्सप्रेसनं मजेत येतील. आईचं मन लागलं तर आठाचे पंधरा दिवस कर. पण तिला काय हवं ते तिलाच विचार. पाच आठवड्यांत तू तिला हा प्रश्न विचारलास का, ते मी विचारत नाही. मी चाळीस वर्षं विचारला नव्हता.

आणि पंचमीला जायचं ठरलं, तर एक गोष्ट तिला आताच विचारून ठेव. बहुतेक स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तिनं नळाच्या तारखांना गोल केलेले असतील. त्यातला एक गोल तुझ्या आठ दिवसांत येणारच. पाणी पहाटे तीनला आलं तर आधी पिण्याचं भर, मग खालची टाकी, मग मोटर लावून वरची. मोटर लावून झोपू नकोस. वरची टाकी भरून वाहायला लागली तर पाणी गच्चीवरून जिन्यात येतं, आणि ते पुसायला त्या रात्री वहिनी नसेल.